एक माईक, एक टेप

१

टेप फिरत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

आधी कोणी ते मनावर घेतलं नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी थोडी कोरी जागा असतेच. ताईने दोन्ही मुठी हनुवटीखाली धरल्या होत्या. ड्रमवाल्या उभ्याने डोळे मिटले होते. मास्तर भिंतीला टेकून, चवडा उचलून, ताल धरायच्या तयारीत होता. स्पीकरमधून नुसतं सूं सूं. स्टुडिओवाल्या टेपकाकांनी आवाज वाढवला, तर सूं सूं वाढलं. त्यांनी टेप पुढे पळवून लावली, मधे लावली, शेवटाजवळ लावली. सगळीकडे तेच.

"काका, पुरे झाली चेष्टा," ताई म्हणाली.

टेपकाका वळले. त्यांचा चेहरा पाहून मावशी खुर्चीतून उठली.

"कोरी आहे," ते म्हणाले. "अख्खी कोरी. काल भरली होती गं. या हातांनी भरली होती."

मावशी विमा कंपनीत नुकसान तपासनीस होती; जळकी गोदामं आणि बुडालेल्या मोटारी बघत बघत निवृत्त झाली. पुष्कळ लोकांना पुष्कळ काही गमावताना तिने पाहिलं होतं. पण एवढी माणसं एकाच क्षणी अशी दगड झालेली तिने कधी पाहिली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून ती खाली वाकली. मघाशी टेपकाकांनी घाईघाईने रिळाच्या टोकावरची चिकटपट्टी सोलून टाकली होती. पांढरी, बोटाच्या पेराएवढी. पडलेलं उचलून पर्समध्ये टाकायचं ही तिची नोकरीतली खोड, घरचे त्यावरून तिला हसायचे. ती पट्टीही पर्समध्ये गेली.

त्या टेपमध्ये काय होतं? कोंबडा होता. कोंबडा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, मावशीचा भाचा. कपाळावर केसांचा असा झोकदार कोंबडा काढायचा की त्याचं खरं नाव घरातसुद्धा कोणी घेत नसे. तो गाणारा, ताई डबल बासवाली, मास्तर गिटारवाला आणि उभ्या ड्रमवाला, असे चौघांचे मिळून 'कोंबडा आणि कंपनी'. रॉकबिली वाजवायचे. आजोबांच्या तरुणपणी गाजलेलं ते धावतं, उचक्या देत गायचं संगीत जगाने अडगळीत टाकलं होतं. या पोरांनी ते बाहेर काढून झटकलं, आणि बघता बघता गल्लोगल्लीच्या सलूनमध्ये पोरं 'तसा कोंबडा काढा' म्हणून हट्ट धरू लागली. मग बँड फुटला. जुळला. पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा लोकांनी मोजणं सोडून दिलं.

आणि मग कोंबड्याच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोंबड्याने दोन तारखा टाळल्या. शेवटी म्हणाला, "एकदा आवाज टेपवर उतरवू द्या, मग काय हवं ते कापा." ताईने फोन केले, आणि रुसून बसलेले दोघे एक शब्द न विचारता हजर झाले. काल सगळी गाणी एका दमात झाली. आज सर्वांनी मिळून ती ऐकायची आणि संध्याकाळपर्यंत कोंबड्याने दवाखान्यात दाखल व्हायचं, असं ठरलं होतं. ही तारीख गेली तर पुढचं आमच्या हातात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दुसरी कॉपी असेल ना?" मावशीने विचारलं.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एक माईक, एक टेप, एक दम, ही त्यांची शपथ होती. चौघांनी एका माईकभोवती उभं राहून वाजवायचं, चुकलं तर पहिल्यापासून. कॉपी काढली तर जणू धर्म बाटला. फोनसुद्धा बाहेरच्या टोपलीत ठेवून आत यायचं. एवढी हौशी माणसं, पण अक्कल बघा.

कोंबडा सोफ्यावर दवाखान्याची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. आल्यापासून तसाच. ताईने ती घ्यायला हात पुढे केला तर "राहू दे, मीच धरतो" म्हणाला होता. आता त्याने हळूच वर पाहिलं.

"ठीक आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुन्हा रेकॉर्ड करू. तोवर ऑपरेशन रद्द."

२

"कोणी इथून हलायचं नाही," मावशी म्हणाली. या सुरात ती बोलली की एकेकाळी मोठमोठे कारखानदार खुर्चीत बसून घ्यायचे. हे चौघे तर तिच्या हातचं खाऊन मोठे झालेले.

आई गेल्यावर ताई आणि कोंबडा दोघांना तिनेच वाढवलं होतं. कोंबड्याला वाचवायचं होतं आणि त्यासाठी तिच्यापाशी फक्त हा एक दिवस होता. टेप सापडली तर तो जाईल. निदान कोणी, का केलं हे कळलं तर त्याला ओढून तरी नेता येईल. तिने टेपकाकांना बाजूला घेतलं.

"बाई, चोर बाहेरचा नाही," टेपकाका डोळे पुसत म्हणाले. "चोर असता तर भिंतीवरची गिटार नेली असती. टेप कशाला पुसेल?"

"पुसतात कशी?"

त्यांनी टेबलावरची एक जड, थाळीसारखी वस्तू दाखवली. आत मोठं चुंबक. रीळ तिच्यावरून दोनदा फिरवलं की सगळं साफ. स्टुडिओत तिला 'पुसणी' म्हणत.

"काल काम संपल्यावर इथे कोण होतं?"

"मी वर जेवायला गेलो. दार उघडंच. मग एकेक जण परत येऊन गेला, कोणाचं ना कोणाचं काहीतरी राहिलंच होतं. ताई बासची खोळ न्यायला आली. मास्तर वायर न्यायला. उभ्याचं जाकीट राहिलं होतं. कोंबड्याचा कंगवा. जिन्यावरून सगळ्यांचे आवाज येत होते, मी काही खाली आलो नाही. घरचीच माणसं."

"आणि ही पुसणी? ती रोज टेबलावरच असते?"

टेपकाका गप्प झाले. मावशी वाट पाहत राहिली. समोरच्याला गप्प बसू दिलं की तो आपणहून बोलतो, हे तिला नोकरीने शिकवलं होतं.

"ती कपाटात असते," ते शेवटी म्हणाले. "काल मास्तरने काढली. त्याला काहीतरी पुसायचं होतं म्हणे."

३

मास्तर मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. गिटार शिकवून पोट भरायचा म्हणून मास्तर. मधली काही वर्षं तर तो याच स्टुडिओत टेपकाकांच्या हाताखाली राबला होता. कपाटन् कपाट त्याला पाठ.

"पुसणी काल तू काढलीस?" मावशीने आडपडदा न ठेवता विचारलं.

"काढली."

"काय पुसलंस?"

"सांगितलं तर हसाल."

"मास्तर, आज मला हसू येईल असं वाटतं तुला?"

त्याने पायाशी पडलेली पिशवी पुढे सरकवली. आत रिळं होती. "माझ्या बँडच्या टेपा. इथून फुटून मी काढला होता तो. कोणी ऐकला नाही. काल कोंबड्याने ते शेवटचं गाणं म्हटलं ना, तेव्हा वाटलं, परत यायचं तर पुरतं यायचं. एक पाय तिकडे कशाला? पुसून टाकल्या."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. खरं बोलत असेल तर याच्यासारखा वेडा नाही, आणि खोटं बोलत असेल तर याच्यासारखा नट नाही.

"तू फुटलास का होतास तेव्हा?"

"तुम्हाला माहीत नाही? कोणालाच माहीत नाही." मास्तर कडवट हसला. "आमच्या बँडचे पेपरातले फोटो काढून बघा मावशी. प्रत्येक फोटोत एकच माणूस. का? गाणं संपलं की साहेब आरशासमोर. कोंबडा नीट केला की दारात. दारात फोटोवाले. आणि आम्ही? आत वायरी गुंडाळतोय, पेट्या भरतोय. लोक मला विचारायचे, तू त्यांचा मदतनीस का? एकदा त्याला म्हटलं, बाबा रे, एक वायर तरी गुंडाळ. तर म्हणाला, 'मला येत नाही.' निघून गेलो मी."

तेवढ्यात ताई दारात आली. तिने पिशवीतली रिळं पाहिली, टेबलावरच्या पुसणीची गोष्ट तिच्या कानावर आधीच गेली होती, आणि तिचा तोल गेला.

"तूच! त्याचा आवाज पुसलास तू! अरे, जीव जाईल त्याचा!"

"ताई, देवाशपथ..."

"नाव घेऊ नकोस देवाचं!"

मास्तर उभा राहिला. "ज्या बँडला मी चोर वाटतो, तिथे मी परत वाजवणार नाही. दुसरी टेप करायची तर माझ्याशिवाय करा."

बँड मावशीच्या डोळ्यांदेखत चौथ्यांदा फुटत होता. मास्तर नाही म्हणजे रेकॉर्डिंग नाही. रेकॉर्डिंग नाही म्हणजे ऑपरेशन कधीच नाही.

४

ताईला तिने स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं. ताईने पेला हातात घेतला. त्या मनगटावर जुना, वाकडा व्रण होता.

"आता तू सांग. तू पहिल्यांदा बँड सोडलास तो याच मनगटामुळे ना?"

"जिन्यावरून पडले होते. डबल बास एकटीने उतरवत होते." ताईने डोळे पुसले. "माणसाएवढं वाद्य ते मावशी. कोंबड्याला हाक मारली, तर म्हणाला आलोच. तो आरशासमोर होता. मी पडले तो आवाज ऐकूनसुद्धा आधी त्याने केसांवरून हात फिरवला आणि मग आला. भाऊ आहे, राग धरवत नाही. पण वाद्य त्याच्याबरोबर उचलायचं नाही, असं ठरवलं होतं तेव्हा."

"मग परत का आलीस?"

"गातो ना तो," ताई एवढंच म्हणाली.

ही पोरगी काही पुसणार नव्हती. पण नोकरीत तिने कितीतरी साध्याभोळ्या माणसांच्या खिशात काडेपेटी पाहिली होती. माया ही काही साक्ष होत नाही. तिने ताईला तिथेच बसवलं आणि ती उभ्याकडे गेली.

उभ्या बसून ड्रम वाजवत नसे म्हणून उभ्या. एक ड्रम, दोन काठ्या, बस्स. आता तो रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर काठ्यांच्या मुठींना चिकटपट्टी गुंडाळत होता. हातांना काम नसलं की त्याचा जीव घाबरा व्हायचा.

"तू का गेला होतास रे?" मावशीने शेजारी बसत विचारलं.

"विसरले मला." तो वर न बघता म्हणाला. "परगावचा कार्यक्रम. मी पेट्या गाडीत भरल्या, शेवटची पेटी आणायला आत गेलो, तर कोंबडा म्हणाला सगळे आले, चला. गाडी गेली. सगळे म्हणजे कोण कोण ते त्याला कधी ठाऊकच नसायचं. मी रस्त्यावर पेटीवर बसून राहिलो."

मावशीच्या तोंडून 'अरे देवा' निघालं. तीन फाटाफुटी, लोकांनी त्यांची किती कारणं चघळली होती. पैसा, बाई, दारू. आणि मुळाशी काय, तर गाणं संपल्यावरचं आवरणं.

उभ्याने पट्टी दाताने तोडली. लालभडक होती ती.

"लालच का?"

"माझी खूण आहे. टेपकाकासुद्धा माझ्याकडूनच घेतात. टेप भरली की ती उलटी गुंडाळत नाहीत काका, तशीच ठेवतात, शेवट बाहेर. आणि त्या टोकाला लाल पट्टी लावतात. लाल म्हणजे भरलेली, हात लावू नका. कालच्या रिळालासुद्धा मीच दाताने तोडून दिली."

मावशीने पर्स उघडली, आत हात घातला, आणि सकाळी उचललेली ती पट्टी बाहेर काढली.

पट्टी पांढरी होती.

५

टेपकाकांनी ती बघितली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"ही... ही आजच्या रिळावरची? बाई, ही तर कारखान्यातून येते. नव्या रिळाला. मी सोलली आणि माझ्या लक्षातच आलं नाही? डोळ्यांत पाणी होतं हो, आणि सगळे लाव लाव करत होते."

"नवी रिळं कुठे असतात?"

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर भरलेली रिळं, झाडून सगळ्यांच्या टोकाला लाल. खालच्या फळीवर नवे डबे. मावशी एकेक डबा हलवून बघत गेली. एक डबा हलका लागला. उघडला. रिकामा.

टेपकाकांनी भिंतीचा आधार घेतला. "म्हणजे आपली टेप..."

"पुसलेली नाही. आपली टेप बदललीय. डबा तोच, वरचं ताईचं अक्षर तेच, आतलं रीळ नवं. मास्तरने पुसल्या त्या त्याच्याच टेपा. कोंबड्याचा आवाज शाबूत आहे, काका."

म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. मावशीच्याही जिवात जीव आला, पण क्षणभरच. कारण आता तिला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती तिला कळायला नको होती.

"काका, एक सांगा. हे लाल पट्टीचं कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. मास्तर तर इथे कामालाच होता. पट्टी उभ्याची. ताई शेजारी बसून डब्यावर नाव घालते. मी जन्मभर लावतोय. आमच्यापैकी कोणी रीळ बदललं असतं, तर पहिली लाल पट्टी चिकटवली असती. उभ्याचं बंडल तिथेच तर पडलेलं असतं. मग कोणाला संशयसुद्धा आला नसता."

"म्हणजे ज्याने बदललं, त्याने भरलेली टेप ठेवताना कधी पाहिलेलीच नाही."

"पण असं कसं होईल? आवरताना सगळेच असतात. सगळे म्हणजे..."

टेपकाकांचं तोंड उघडं राहिलं. मावशीने हात वर करून त्यांना थांबवलं. ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

सगळे सकाळपासून तिला सांगत होते. एकेकाने आपापलं दुःख म्हणून सांगितलं होतं आणि ती ते दुःख म्हणूनच ऐकत होती. ज्या माणसाचा श्वास घ्यायचा राहील पण कंगवा राहायचा नाही, त्याचा काल नेमका कंगवा राहिला. ज्याने आयुष्यात इकडची काडी तिकडे केली नाही, तो आज बॅग मांडीवरून खाली ठेवत नाही. नोकरीत नव्याने आलेल्या पोरांना ती पहिल्याच दिवशी शिकवायची: आधी मालकाकडे बघा. आपल्याच घराला आग लावणारा माणूस घर जाळतो, पण भिंतीवरचे फोटो आधी बाहेर काढून ठेवतो. तीच मावशी आज सगळं गाव शोधत फिरली, मालक सोडून. कुंपणच शेत खातं हे तिला ठाऊक होतं, पण हे कुंपण तिने स्वतः वाढवलं होतं.

ती सोफ्याच्या खोलीकडे निघाली.

६

तिने दार लावून घेतलं. कोंबडा तसाच बसला होता.

"बॅग उघड," मावशी म्हणाली.

"कपडे आहेत."

"कपडे मीच भरलेत. उघड."

त्याने बॅगेवर डोकं टेकवलं, आणि तो झोकदार कोंबडा, ज्याला त्याने उभ्या जन्मात कोणाचा हात लागू दिला नव्हता, बॅगेच्या चेनवर चेंगरला. तो रडत होता. रडताना त्याच्या गळ्यातून करवतीसारखा आवाज येत होता, आणि उद्या हाही येणार नाही हे मनात येऊन मावशीला ब्रह्मांड आठवलं. ती रागावून आली होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"मला भीती वाटते गं मावशी," तो म्हणाला. "काल गाताना वाटलं, झालं, आता काही भीती नाही. बाहेर आरशात बघितलं आणि पाचावर धारण बसली. आरशातला माणूस तोंड उघडतोय आणि आवाज येत नाहीये, असं दिसायला लागलं. टेप असली तर मला जावंच लागणार. टेप नसली तर थोडे दिवस मिळतील. एवढंच डोक्यात होतं."

"दिवस मिळतात असं वाटतं तुला? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"माहीत आहे."

"आणि मास्तर? त्याला तुझ्या बहिणीने चोर म्हटलं, ते या खोलीपर्यंत ऐकू आलं असेल. बसून राहिलास?"

कोंबड्याने बॅग उघडली. घडी घातलेल्या कपड्यांच्या खाली, टॉवेलात बाळासारखं गुंडाळलेलं रीळ होतं. टोकाला लाल पट्टी. त्याने ते मावशीच्या हातात दिलं.

"तू सांग ना त्यांना, सापडली म्हणून. कपाटामागे पडली होती म्हण. मी निमूट दाखल होतो. आजच होतो. शपथ."

मावशी खुर्चीवर बसली. खोटं बोलणं तिला जड नव्हतं. भाच्याच्या जिवासाठी ती याहून मोठं खोटं बोलली असती. टेप मिळाली होती, तो जायला तयार होता, काम झालं होतं.

"म्हणते मी," ती म्हणाली. "पण एक लक्षात घे. ताईने मास्तरला जे म्हटलं ते तसंच राहील. आज ना उद्या त्यांना वाटेल, कपाटामागे आपोआप कशी पडली? उभ्या ताईकडे बघेल, ताई मास्तरकडे. उद्या तू शुद्धीवर येशील तेव्हा तुझ्या उशाशी तिघांपैकी कोणीच नसेल, आणि तुला ते बोलून सुधारता येणार नाही. जे सांगायचं ते आजच सांगता येईल. तूच ठरव."

बाहेर ताईच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. कोंबडा उठला. केसांवरून हात फिरवायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली सोडला.

७

कोंबड्याने बाहेर येऊन सर्वांसमोर, न बसताच सांगितलं. मावशी दारात थांबली होती. तिने खूप कबुलीजबाब ऐकले होते. लोक बहुतेक वेळा कारणं सांगतात. कोंबड्याने कारण सांगितलं नाही.

"टेप मी घेतली," तो म्हणाला. "मास्तरने नाही. कोणीच नाही. मी. आणि पकडलो गेलो कशाने, तर रिळाला लाल पट्टी लावतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी एकदाही थांबलो नाही ना. मास्तर, तू त्यासाठी गेलास. ताई, तुझा हात. उभ्या, तुला मी रस्त्यावर... मला वाटायचं गाणं संपलं की संपलं. माफ करा."

हा धक्का सकाळच्या धक्क्याहून मोठा होता. सकाळी फक्त टेप गेली होती. ताईने तोंडावर पदर दाबला आणि मास्तरकडे बघायची तिला हिंमत होईना. उभ्याच्या हातातून काठी पडली, घरंगळत गेली, ती त्याने उचलली नाही.

मास्तर उठला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि तो सरळ बाहेर निघून गेला. दार धाडकन आपटलं.

"गेला," ताई म्हणाली.

कोंबडा कोसळल्यासारखा सोफ्यावर बसला. मावशीला वाटलं, चुकलं आपलं. खोटंच बोलायला हवं होतं. टेप सापडली आणि माणूस गमावला. तिने कोंबड्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग बाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग हात दाबून धरल्यासारखा वाजतच राहिला.

उभ्याने खिडकीतून डोकावलं. "मास्तर आहे! गाडी अगदी दाराशी लावलीय."

मास्तरने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. "आणताय का त्याला?" तो ओरडला. "का मी येऊन उचलून नेऊ? संध्याकाळ झाली तर आत घेणार नाहीत ते!"

ताई धावत सुटली. गाडीपाशी जाऊन तिने मास्तरचा हात धरला, काहीतरी म्हणाली, त्याने मान हलवली. कोंबड्याला पुढच्या सीटवर बसवलं. मागे ताई, मावशी आणि उभ्या दाटीवाटीने कोंबले गेले. टेपकाका फाटकापाशी रीळ छातीशी धरून उभे होते आणि हात हलवत होते.

गाडी वळणावर आली तेव्हा कोंबडा मास्तरकडे वळून काहीतरी सांगायला लागला. आवाज चिरकत होता, शब्दाशब्दाला खरवडत होता. त्याला खोकल्याची उबळ आली.

ताई मागून कळवळून म्हणाली, "अरे, गप्प बस ना आता. आवाज जपून ठेव."

"कशासाठी?" कोंबड्याने विचारलं.

उभ्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तरच्या हातातलं स्टिअरिंग जरासं डगमगलं, त्याने ते सावरलं.

"बोल," मास्तर म्हणाला.

मग कोंबडा बोलायला लागला. लहानपणीचं बोलला, ताईच्या पहिल्या बासचं, मास्तरच्या तुटलेल्या तारेचं, कुठल्याशा गावच्या पडक्या स्टेजचं. तीच गोष्ट दोनदा सांगितली. विनोद सांगितले, त्यांतले निम्मे फसले. दवाखाना आला, मास्तरने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी तो बोलत होता. आणि गाडीतलं कोणीच दार उघडत नव्हतं.